दुकानदाराने कोणते युद्धपट बघावेत?



प्रत्येक बॅचच्या शेवटच्या दिवशी कुणीतरी हमखास विचारतं, "सर, मोटिव्हेशनसाठी एखादा पिक्चर सांगा ना." मी युद्धपटांचं नाव काढलं की सगळे सरसावून बसतात. या आठवड्याच्या व्हिडिओत मी माझ्या आवडीच्या सात युद्धपटांची नावं सांगितली, पण कारणं सांगायला वेळ पुरला नाही. ती इथे लिहितोय. जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझं मत सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद घालायला सोपं जाईल. युद्धपटातला हल्ला बघून शिट्ट्या मारायला मजा येते, पण धंदा करणाऱ्याला त्यातून फारसं काही मिळत नाही. आपल्या कामाची गोष्ट असते ती हल्ल्याच्या आधी आणि नंतर. रसद पोचली का? सकाळपर्यंत टिकणार कसं? माघार घ्यायची तर कधी? आणि हे सगळं चाललंय कुणासाठी? मोबाईलवर फिरणाऱ्या तीस सेकंदांच्या क्लिपमधून नेमका हाच भाग कापलेला असतो.

हे एवढं ताणून का सांगतोय? कारण धंद्याची आपली भाषाच लढाईची झालीये. बीबीएला असताना आम्हाला शिकवलेले शब्द आठवा: स्ट्रॅटेजी, कॅम्पेन, टार्गेट. सगळे लष्करातून आलेले. बाजारात तर विचारूच नका. "समोरच्याला उडवायचं", "मार्केट मारायचं". बोलायला ठीक आहे. पण ही भाषा डोक्यात गेली की माणूस हिशोब सोडून इरेला पेटतो.

एक साधं गणित बघा. तुमचं पाकीट १०० रुपयांना विकलं जातं, खरेदी ८२ रुपये. महिन्याला १,००० पाकिटं गेली की १८ हजार सुटतात. दुकानाचं भाडं, लाईट बिल आणि कामावरच्या पोराचा पगार याच १८ हजारांतून जातो. समोर नवीन दुकान उघडलं, त्याने ९० ला विकायला सुरुवात केली. तुम्हीही पेटलात, ९० केलं. आता पाकिटामागे ८ रुपये. तेच १८ हजार सोडवायला २,२५० पाकिटं विकावी लागतील. भाव फक्त १० टक्के उतरवला आणि विक्री सव्वादोन पट करायची वेळ आली. गल्लीत तेवढी गिऱ्हाइकं आहेत का, हा प्रश्न जोशात कुणी विचारत नाही.

म्हणून माझी यादी वेगळी आहे. चला, एकेक बघू.

१. बॉर्डर (१९९७)

जे. पी. दत्तांचा हा सिनेमा आपल्यापैकी बहुतेकांचा पाठ आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री राजस्थानात लोंगेवालाच्या ठाण्यावर पाकिस्तानी रणगाडे चालून आले. ठाण्यावर २३ पंजाब रेजिमेंटची एक कंपनी, साधारण १२० माणसं, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी त्यांचे कमांडर. जैसलमेरच्या तळावर हंटर विमानं तयार होती, पण रात्री हल्ला करण्याची सोय त्यांच्यात नव्हती. म्हणजे कंपनीचं काम काय? शत्रूला संपवणं नव्हे, उजाडेपर्यंत जागा न सोडणं. पहाट झाली, विमानं आली आणि वाळवंटात उघड्यावर सापडलेले तीसहून अधिक रणगाडे निकामी झाले.

आता सिनेमा आणि इतिहास यांतला फरक बघा. सिनेमात आपल्या बाजूचे एकामागोमाग एक धारातीर्थी पडतात, रडून रडून डोळे सुजतात. प्रत्यक्षात लोंगेवालाच्या ठाण्यावर आपले दोन जवान शहीद झाले. सुनील शेट्टीने रंगवलेले भैरोंसिंग सिनेमात हुतात्मा होतात. खरे भैरोंसिंग राठोड त्या रात्रीनंतर पन्नास वर्षांहून अधिक जगले आणि २०२२ मध्ये वारले. मला ही माहिती कळली तेव्हा लढाईबद्दलचा आदर दुप्पट झाला. इतक्या मोठ्या ताकदीसमोर रात्र काढायची आणि माणसंही वाचवायची, हे मरण्यापेक्षा अवघड काम आहे.

सिनेमाला हुतात्मा लागतो. धंद्याला दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला शटर उघडणारा माणूस लागतो.

तुमच्या धंद्यातही अशा रात्री येतात. पितृपंधरवडा असतो, पावसाळ्यातला थंड महिना असतो, रस्त्याचं काम निघून दुकानासमोर तीन महिने खड्डा असतो. त्या वेळी नवीन माल भरून, नवीन ऑफर काढून 'आक्रमण' करायची गरज नसते. खर्च आवळायचा, जुन्या गिऱ्हाइकाला धरून ठेवायचं आणि उजाडायची वाट बघायची. फक्त एक अट आहे: उजाडणार कधी, ते माहीत हवं. चांदपुरींना माहीत होतं. तुमचा सीझन कधी सुरू होतो, तुम्हाला माहीत आहे का?

२. हकीकत (१९६४)

हा आजच्या पोरांनी बघितलेला नसतो. चेतन आनंद दिग्दर्शक, बलराज साहनी आणि धर्मेंद्र, मदन मोहन यांचं संगीत, कैफी आझमींची गीतं. विषय १९६२ चं युद्ध, जागा लडाख. जिंकलेल्या लढाईवर सिनेमा काढणं सोपं. हरलेल्या युद्धावर, तेही दोन वर्षांच्या आत, असा सिनेमा काढायला छाती लागते.

त्या युद्धात आपले जवान कमी पडले नाहीत. १८ नोव्हेंबर १९६२ ला रेझांगलाला मेजर शैतानसिंग यांच्या तुकडीतले शंभराहून अधिक जवान जागेवर लढत पडले. कमी पडलं ते मागून येणारं सगळं. थंडीचे पुरेसे कपडे नव्हते, हातात जुन्या .३०३ रायफली होत्या, दारूगोळा मोजका आणि रस्ते अपुरे. जोश मोजायचा झाला तर तो भरपूर होता. जोशाने रसदेची जागा भरून निघत नाही, एवढंच.

आता दुकानाकडे या. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांचे खर्चाचे कागद बघतो, तेव्हा बहुतेकांचं चित्र सारखंच असतं. भांडवल ५ लाख. त्यातले ४ लाख डिपॉझिट, फर्निचर, काच, बोर्ड आणि एसीमध्ये गेलेले. माल १ लाखाचा. खेळतं भांडवल शून्य. उद्घाटनाला आमदारांचा फोटो, पहिल्या महिन्यात माल चांगला जातो, आणि दुसऱ्या खेपेचा माल आणायला पैसेच नाहीत. रॅक रिकामे दिसायला लागले की गिऱ्हाईक परत फिरकत नाही. दुकान सुंदर असतं, उघडं असतं आणि आतून संपलेलं असतं.

माझा आग्रह असा की पहिल्याच दिवशी भांडवलाचा किमान तिसरा हिस्सा बाजूला राहिला पाहिजे. बोर्ड सहा महिन्यांनी लावलात तरी चालेल.

३. डंकर्क (२०१७)

ख्रिस्तोफर नोलनचा सिनेमा. मे १९४० मध्ये जर्मन सैन्याने ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांना फ्रान्सच्या किनाऱ्यावर कोंडलं. २६ मे ते ४ जून या दिवसांत ३ लाख ३८ हजारांहून अधिक सैनिक समुद्रमार्गे इंग्लंडला परत आणले गेले. नौदलाच्या जहाजांबरोबर मासेमारीच्या, सहलीच्या, खाजगी अशा शेकडो छोट्या बोटीही यात होत्या. थोडक्यात, हा पळ काढण्याचा सिनेमा आहे. तरीही श्वास रोखून बघावा लागतो.

यातला एक तपशील मी प्रत्येक बॅचला सांगतो. टॉम हार्डी लढाऊ विमानाचा पायलट आहे. गोळ्या लागून त्याच्या विमानाचा इंधनाचा काटा बंद पडतो. तो काय करतो? सोबतच्या पायलटला वायरलेसवर विचारतो, "तुझ्याकडे किती उरलंय?" आणि खडूने समोरच्या पॅनेलवर आकडा लिहून ठेवतो. घड्याळ बघत हिशोब करत राहतो. पुढे तो इंधन संपेपर्यंत लढायचं ठरवतो, पण ते अंधारात नाही. किती उरलंय, हे त्याला माहीत असतं.

तुमचा काटा चालू आहे का? गल्ल्यात नोटा दिसतात म्हणून धंदा चाललाय, हा काटा नव्हे. खडूचा हिशोब असा करा. हातातली रोकड आणि बँकेतली शिल्लक मिळून ९० हजार. महिन्याचा ठरलेला खर्च, म्हणजे भाडं, पगार, लाईट, हप्ता, मिळून ६० हजार. म्हणजे आज विक्री पूर्ण थांबली तर तुम्ही ४५ दिवस हवेत आहात. उधारी यात धरायची नाही. उधारी म्हणजे दुसऱ्याच्या टाकीतलं पेट्रोल. दर सोमवारी हा एक आकडा काउंटरच्या आत चिकटवा. ३० च्या खाली आला की नवीन खरेदी बंद.

आणखी एक गोष्ट, जी सिनेमात नाही. डंकर्कला भारतीय लष्कराच्या खेचरांच्या तुकड्याही होत्या, सामान वाहून नेण्यासाठी पाठवलेल्या. पडद्यावर त्या कुठेच दिसत नाहीत. सामान वाहणाऱ्याचं असंच असतं. तुमचा टेम्पोवाला आणि हमाल तुमच्या यशाच्या फोटोत असतात का, बघा जरा.

४. पावनखिंड (२०२२) आणि त्याचा आधीचा जोडीदार

दिग्पाल लांजेकरांचा हा मराठी सिनेमा. गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत आहे. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. शिवाजी महाराज पावसाळी रात्री निसटले, शिवा काशीद यांनी महाराजांचं रूप घेऊन शत्रूला चकवलं आणि प्राण दिले, बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांच्या सेनेने घोडखिंड अडवून धरली, महाराज विशाळगडावर पोचले. बाजीप्रभूंच्या बलिदानाची तुलना मी कुठल्याही दुकानाशी करणार नाही. ती करूही नये.

पण महाराजांच्या निर्णयाकडे आपण कधी नीट बघतो का? ते गड सोडून निघाले. पुढे त्याच वर्षी पन्हाळा तहात आदिलशाहीला देऊनही टाकला. पन्हाळा काही साधा गड नव्हे. तरी दिला, कारण स्वराज्य पन्हाळ्यापेक्षा मोठं होतं. आणि १६७३ मध्ये तोच पन्हाळा परत घेतला, तोही कोंडाजी फर्जंद यांनी साठ मावळ्यांच्या बळावर. गंमत म्हणजे यावर लांजेकरांनीच आधी 'फर्जंद' (२०१८) काढला होता. माझं म्हणणं, हे दोन सिनेमे उलट्या क्रमाने बघा. आधी 'पावनखिंड', मग 'फर्जंद'. मध्ये तेरा वर्षं आहेत, हे लक्षात ठेवून बघा.

आपल्याकडे दुकानाची दुसरी शाखा बंद करणं म्हणजे नाक कापलं गेल्यासारखं मानतात. "लोक काय म्हणतील" म्हणून पहिल्या दुकानाचा नफा दुसऱ्या दुकानाच्या तोट्यात वर्षानुवर्षं ओततात. शेवटी दोन्ही जातात. शाखा उघडतानाच कागदावर लिहून ठेवा: किती महिने, किती रुपयांपर्यंत तोटा सोसणार. तो आकडा आला की कुलूप लावायचं, सामान पहिल्या दुकानात आणायचं आणि कुणाला स्पष्टीकरण देत बसायचं नाही. वेळ येईल तेव्हा परत उघडता येतं. पण त्यासाठी मूळ दुकान जिवंत हवं.

५. पाथ्स ऑफ ग्लोरी (१९५७)

स्टॅन्ली कुब्रिकचा कृष्णधवल सिनेमा, पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच सैन्याचा. जेमतेम दीड तासाचा आहे. एका जनरलला बढतीचं आमिष मिळतं आणि तो आपल्या तुकडीला एक टेकडी घ्यायला लावतो. टेकडी घेणं अशक्य आहे, हे आधी त्यालाही कळत असतं. हल्ला फसतो. मग साहेबांची लाज वाचवण्यासाठी सैनिकांवर भित्रेपणाचा खटला भरला जातो. तीन जणांना गोळ्या घालायचं ठरतं. त्यातला एक चिठ्ठी टाकून निवडलेला, एक अधिकाऱ्याला 'नको असलेला', आणि एकाचा गुन्हा असा की त्याने आपल्या अधिकाऱ्याचा भित्रेपणा डोळ्यांनी पाहिलेला असतो. कर्क डग्लस त्यांच्या बाजूने लढतो. फ्रान्समध्ये हा सिनेमा १९७५ पर्यंत दाखवलाच गेला नाही, इतका तो झोंबला.

तुम्ही म्हणाल, माझ्याकडे दोनच पोरं कामाला, मी कुठला जनरल? पण बघा. दिवाळीचं टार्गेट कुणी ठरवलं? तुम्ही. माल उशिरा कुणी मागवला? तुम्ही. विक्री कमी झाल्यावर पगार कुणाचा कापला? पोराचा. गिऱ्हाइकासमोर कुणाला झापलं? त्यालाच. टेकडी जिंकता येण्यासारखी होती का, हे तपासायचं काम मालकाचं असतं. टार्गेट देताना पोराला विचारा, "एवढं होईल का? नसेल तर अडचण कुठे आहे?" तो काउंटरवर उभा असतो, त्याला तुमच्यापेक्षा जास्त दिसतं. त्याचं उत्तर ऐकून आकडा बदलावा लागला तर त्यात कमीपणा नाही.

६. द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय (१९५७)

डेव्हिड लीनचा सिनेमा, सात ऑस्कर मिळालेला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी युद्धकैद्यांकडून थायलंड-बर्मा रेल्वे बांधून घेतली. त्या कामात हजारो कैदी मेले आणि त्याहून कितीतरी जास्त आशियाई मजूर मेले. त्यात मलायातून नेलेले तमिळ मजूरही होते. सिनेमाची गोष्ट काल्पनिक आहे. अ‍ॅलेक गिनेसने केलेला कर्नल निकल्सन हा कैदेतला ब्रिटिश अधिकारी. त्याला वाटतं, माझ्या माणसांची शिस्त टिकवायची तर त्यांना चांगलं काम द्यायला हवं. म्हणून तो शत्रूसाठी पूल बांधतो. आणि कसा? शत्रूला जमला नसता इतका उत्तम, वेळेत, अभिमानाने. शेवटी आपलेच लोक पूल उडवायला येतात, तेव्हा तो त्या पुलाला वाचवायला धावतो. फार उशिरा त्याच्या लक्षात येतं की हा पूल आपण कुणासाठी बांधला.

सातांमधला मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा सिनेमा हाच. कारण निकल्सन वाईट माणूस नाही. तो कष्टाळू आहे, कामाला पक्का आहे, अगदी आपल्यासारखा आहे.

असे पूल बांधणारे धंदेवाले मी रोज बघतो. वर्कशॉपमधलं ९० टक्के काम एकाच मोठ्या गिऱ्हाइकाचं. तोच भाव ठरवणार, तोच पैसे कधी द्यायचे ते ठरवणार, आणि आम्ही अभिमानाने सांगणार, "आमचा माल कधी रिजेक्ट होत नाही." दुसरा ऑनलाइन विकतो. वर्षाची उलाढाल ४० लाख, स्टेटसला आकडा झळकतो. कमिशन, परत आलेला माल, कुरिअर आणि जाहिरात काढली की घरात येतं ते नोकरीच्या पगाराहून कमी. काम उत्तम चाललंय, पूल भक्कम आहे. त्यावरून गाडी कुणाची जाते?

वर्षातून एकदा, मार्चनंतर, एक तास काढा. गेल्या वर्षी माझ्या कष्टातून कुणाला किती मिळालं, याची यादी करा: घरमालक, बँक, पुरवठादार, अ‍ॅप, कामगार, आणि शेवटी मी. तुमचं नाव तळाला, तेही किरकोळ रकमेचं असेल, तर आणखी मेहनत करून उपयोग नाही. रचनाच बदलावी लागेल.

७. लेटर्स फ्रॉम इवो जिमा (२००६)

माझा सर्वांत आवडता युद्धपट. क्लिंट ईस्टवुड अमेरिकन दिग्दर्शक, पण सिनेमा जपानी भाषेत आणि जपान्यांच्या बाजूने सांगितलेला. फेब्रुवारी-मार्च १९४५, इवो जिमा नावाचं छोटं बेट. अमेरिकनांना वाटलं होतं, काही दिवसांत बेट घेऊ. लागले ३६ दिवस.

याचा नायक कोण आहे माहितीये? एक बेकरीवाला. सायगो त्याचं नाव. बायकोबरोबर छोटी बेकरी चालवायचा. सैन्याच्या नावाने लोक येऊन आधी माल उचलून न्यायला लागले, मग अवजारंही घेऊन गेले, आणि शेवटी त्यालाच घेऊन गेले. बायको गरोदर. बेटावर खंदक खणताना तो कुरकुरतो, मार खातो. त्याला शौर्य गाजवायचं नाही, सम्राटासाठी मरायचं नाही. त्याला घरी जायचंय.

त्याचा जनरल कुरिबायाशी. हा खराखुरा माणूस, युद्धाआधी अमेरिकेत राहिलेला, समोरच्याची ताकद ओळखणारा. बेटावर आल्यावर तो आधी सगळं बेट पायी फिरतो. किनाऱ्यावरचे खंदक थांबवतो आणि डोंगरात भुयारं खणायला लावतो. सैनिकांना मारझोड बंद करतो. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आरोळी ठोकून शत्रूवर धावून जायचं आणि मरायचं, या पद्धतीवर बंदी घालतो. बाकीच्या अधिकाऱ्यांना हा भित्रेपणा वाटतो. पण धावून गेले असते तर ३६ दिवस टिकले नसते.

तरीही शेवटी बेट जातंच. जवळपास सगळे मरतात. नियोजन चांगलं असलं की जिंकतोच, असं हा सिनेमा खोटं सांगत नाही. म्हणून तो मला आवडतो. आणि शेवटी वाचतो कोण? तो बेकरीवाला. आरोळी ठोकून धावलेल्यांचं कौतुक सिनेमा करत नाही. तो बघतो पत्रांकडे, ज्यात जनरल आणि सायगो दोघंही घरची विचारपूस करतायत.

'उरी' का नाही?

व्हिडिओ बघून तुम्ही हेच विचारणार. 'उरी' (२०१९) मला आवडला, थिएटरात बघितला. पण त्यातून लोकांनी फक्त जोशचा संवाद उचलला. खरं तर त्या सिनेमाचा मधला मोठा भाग माहिती काढणं, माणसं निवडणं आणि तयारी करणं यातच जातो. कारवाई एका रात्रीची. तो भाग कुणी स्टेटसला ठेवत नाही. सेमिनारमध्ये पाचशे लोकांना उभं करून ओरडायला लावतात आणि संध्याकाळी बाहेर फॉर्म भरून घेतात. घोषणा देऊन अंगावर काटा येतो, हे खरं आहे. पण काटा आलेला असताना सही करू नका, मग ती लोनची असो, फ्रँचायझीची असो, नाहीतर माझ्या कोर्सची असो.

धंदा युद्ध नाही

एवढे सगळे युद्धपट सांगून झाल्यावर हेही सांगतो. सैनिक लढतो तेव्हा त्याच्या मागे देश असतो. त्याचं रेशन, कपडे, दवाखाना, त्याच्या माघारी घरच्यांचं पेन्शन, हे सरकार बघतं. तुम्ही लढायला निघता तेव्हा मागे कोण असतं? बायकोचे दागिने, वडिलांची एफडी, गावाकडची जमीन. बहुतेक छोटी दुकानं प्रोप्रायटरशिपवर चालतात, आणि त्यात कायद्याने दुकानाची मालमत्ता आणि तुमची मालमत्ता वेगळी नसते. दुकान बुडालं तर देणेकरी घरापर्यंत येऊ शकतो. 'करो या मरो' म्हणताना मरणाऱ्यांत घरचे सगळे मोजलेले असतात, त्यांना विचारलेलं नसतं.

दुसरं, समोरचा दुकानदार शत्रू नाही. माझ्या दुकानात एखादा साईज नसला तर मी शेजारच्याकडून आणून देतो, तोही माझ्याकडून नेतो. गिऱ्हाईक रिकामं परत जात नाही. सराफ बाजारात, कापड पेठेत एकाच धंद्याची वीस दुकानं ओळीने का असतात? गिऱ्हाईक तिथेच येतं म्हणून. समोरचा संपला तर कधी कधी पेठच संपते.

गिऱ्हाईक म्हणजे काबीज करायचा प्रदेशही नाही. गड एकदा घेतला की त्यावर झेंडा राहतो. गिऱ्हाईक रोज सकाळी नव्याने ठरवतं, कुठे जायचं ते.

आता करायचं काय? या रविवारी सातातला एक सिनेमा बघा. वेळ कमी असेल तर 'पाथ्स ऑफ ग्लोरी', सगळं घर बरोबर असेल तर 'पावनखिंड', एकटे असाल तर 'लेटर्स फ्रॉम इवो जिमा' सबटायटल लावून. लहान मुलं असतील तर हा शेवटचा त्यांच्यासमोर नको, रक्तपात आहे. सिनेमा संपल्यावर वहीत तीन आकडे लिहा: आज विक्री थांबली तर किती दिवस निघतील, सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाकडून विक्रीचा किती टक्के भाग येतो, आणि किती तोट्यावर थांबायचं. तिसरा आकडा लिहिताना घरच्यांना जवळ बसवा. तो एकट्याने ठरवायचा नसतो.

तुमच्या यादीत दुसरा एखादा युद्धपट असेल तर व्हिडिओखाली नाव लिहा, पण सोबत त्यातून घेतलेली एक कामाची गोष्टही लिहा. पुढच्या भागात भाव कसा ठरवायचा ते बघू, वरचं ८२ रुपयांचं पाकीट घेऊनच.